जखम, सूज आणि पेशींचं मरण: ड्रेसिंगच्या खोलीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी, बीड, लातूर या पट्ट्यातून जखमा घेऊन येणारे पेशंट आणि त्यांच्यासोबत आलेली घरची मंडळी मला जे विचारतात, त्यातले हे प्रश्न. काही प्रश्न नर्सिंगच्या आणि नीटची तयारी करणाऱ्या मुलामुलींचे आहेत. माझं म्हणणं थोडक्यात असं, की जखमेत किती पेशी मेल्या याला महत्त्व आहेच. पण त्या कशा मेल्या आणि मेलेलं किती लवकर उचललं गेलं, यावर जखमेचं पुढचं सगळं अवलंबून असतं. हळद लावावी का इथपासून बोट कापावं लागेल का इथपर्यंत, बहुतेक प्रश्नांची उत्तरं इथूनच निघतात.

कोयता लागला, पेशी मेल्या. हे तर नुसतं नुकसान. त्याचा जखम भरण्याशी काय संबंध?

जखम झाल्याची पहिली खबर मेलेल्या पेशीच देतात. ऊस तोडताना कोयता नडगीवर बसला की पात्याखाली आलेल्या पेशी जागच्या जागी फुटतात. आत बंद असायला हवा तो माल बाहेर सांडतो: एटीपी, युरिक ॲसिड, केंद्रकातलं एचएमजीबी-1 नावाचं प्रथिन, मायटोकाँड्रियातला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या बारीक भागांतला) डीएनए. धडधाकट पेशीच्या बाहेर या गोष्टी एवढ्या प्रमाणात दिसत नाहीत. त्या दिसल्या की शेजारच्या मास्ट पेशी (सूज सुरू करणाऱ्या) आणि मॅक्रोफेज (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणारे) जागे होतात, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून पाणी आणि प्रथिनं झिरपतात, आणि पांढऱ्या पेशी तिकडे वळतात. रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात लिहून ठेवलेली लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणं यातूनच उभी राहतात.

मायटोकाँड्रियाची गोष्ट मला फार विलक्षण वाटते. त्यांचे पूर्वज कधीकाळी स्वतंत्र जिवाणू होते. त्यामुळे त्यांचा डीएनए बाहेर सांडला की शरीर जिवाणू घुसल्यासारखं वागतं. कातडी न फुटता मुका मार बसला, जंतू एकही आत गेला नाही, तरी पाय टम्म फुगतो, त्यामागे हेही एक कारण आहे. प्रतिकारशक्ती आपलं-परकं एवढंच पाहत नाही, धोका आहे की नाही हेही पाहते, हा विचार पॉली मॅट्झिंगर या शास्त्रज्ञ बाईंनी 1994 मध्ये मांडला. त्यावर वाद झाले, अजूनही होतात. पण जंतूंशिवाय येणारी सूज समजून घ्यायला तो मला आजही उपयोगी पडतो.

पुस्तकात अपोप्टोसिस आणि नेक्रोसिस असा तक्ता असतो. खऱ्या जखमेत तसंच असतं का?

हा प्रश्न लातूरला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीने, वडिलांच्या पायाचं ड्रेसिंग चालू असताना विचारला होता. तक्ता पाठ कराच. पण त्यातली मधली रेघ जखमेत एवढी सरळ नसते.

मोंढ्यात तोंड शिवलेलं पोतं आणि फाटलेलं पोतं यांच्यात जो फरक, तोच या दोन मरणांत आहे. अपोप्टोसिसमध्ये पेशी मरायची तयारी करते. कॅस्पेज नावाची एन्झाइम आतला सांगाडा आणि डीएनए रीतसर तोडतात, पेशी आकसते, तिचे छोटे छोटे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याभोवती पडदा शाबूत राहतो. बाहेर काही सांडत नाही. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि ॲलिस्टर करी या तिघांनी 1972 मध्ये या मरणाला हे नाव दिलं. नेक्रोसिसमध्ये पडदाच फाटतो आणि माल शेजाऱ्यांच्या अंगावर सांडतो. नेक्रोसिसने सूज पेटते आणि अपोप्टोसिसने सहसा पेटत नाही, ते यामुळे.

पण पडदा फाटतो तो दर वेळी अपघातानेच फाटतो असं नाही. काही पेशी तो ठरवून फाडतात. जंतू पेशीच्या आत शिरला की गॅस्डर्मिन नावाचं प्रथिन पेशीच्याच पडद्याला भोकं पाडतं. पेशी फुटते आणि जाता जाता इंटरल्युकिन-1 हा सूज वाढवणारा संदेश सोडते. याला पायरोप्टोसिस म्हणतात आणि गॅस्डर्मिनचं हे काम 2015 मध्ये उघड झालं. अपोप्टोसिसची वाट अडवली गेली तर नेक्रोप्टोसिसचा दुसरा मार्ग असतो. लोहामुळे पडद्यातली चरबी खराब होऊन पेशी मरते त्याला 2012 मध्ये फेरोप्टोसिस हे नाव मिळालं. एकाच जखमेत, एकाच दिवशी, बोटभर अंतरावर हे सगळे प्रकार चालू असू शकतात. परीक्षेत तक्ता लिहा, पण पेशंटसमोर बसल्यावर तेवढ्यावर भागत नाही.

शरीरात रोज पेशी मरतात म्हणे. मग रोज सूज का येत नाही?

निरोगी मोठ्या माणसात रोज 5 हजार कोटींहून जास्त पेशी मरतात. तरी आपल्याला पत्ता लागत नाही, कारण त्या जिथे मरतात तिथेच उचलल्या जातात. जिवंत पेशीच्या पडद्याच्या आतल्या बाजूला फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा घटक दडलेला असतो. अपोप्टोसिस सुरू झाला की तो बाहेरच्या बाजूला येतो. मॅक्रोफेजला तेवढी खूण पुरते. तो त्या पेशीला गिळतो आणि गिळल्यावर स्वतःच सूज कमी करणारे संदेश सोडू लागतो.

आईच्या पोटात बाळाची बोटं सुटी होतात तीही मधल्या पेशी अशा मेल्यामुळे. एका बारीक गोलकृमीत तर हे मोजून पाहता आलं: वाढ होताना 1090 पेशी तयार होतात आणि त्यातल्या ठरलेल्या 131 मरतात. याच गोलकृमीवरच्या कामासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना 2002 चं नोबेल मिळालं.

पू म्हणजे नक्की काय? तो हिरवट का असतो? दाबून काढावा का?

पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल, त्यांनी मारलेले आणि काही जिवंत जिवाणू, आणि विरघळलेलं मांस. न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी जखमेत काही तासांत पोचते आणि पहिल्या एक-दोन दिवसांत तिचीच गर्दी असते. आपली अस्थिमज्जा अशा सुमारे 10 हजार कोटी पेशी रोज तयार करते. त्या फार थोडे दिवस जगतात आणि जखमेत उतरलेल्या बहुतेक तिथेच मरतात. हिरवट रंग त्यांच्यातल्या मायलोपेरॉक्सिडेज या एन्झाइमचा. तिच्यात लोह असतं आणि तिचा स्वतःचाच रंग हिरवा आहे. स्यूडोमोनास नावाचा जिवाणू असला तर हिरवेपणा वेगळा, निळसर दिसतो आणि पट्टी सोडताच एक गोडसर वास येतो. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर तो वास दारातूनच ओळखतात.

न्यूट्रोफिल मरतानाही लढते, हे 2004 मध्ये लक्षात आलं. काही न्यूट्रोफिल आपला डीएनए उलगडून जाळ्यासारखा बाहेर फेकतात. त्याला जंतुनाशक प्रथिनं चिकटलेली असतात आणि जिवाणू त्यात अडकतात. यात आपला तोटाही आहे. ही जाळी चिवट असते, आपल्याही पेशींना इजा करते आणि वेळेवर साफ झाली नाही तर जखम अडवून धरते.

गळू स्वतः दाबू नका. दाबल्याने पू बाहेर येतो तसा आतही पसरतो, आणि चेहऱ्यावर, विशेषतः नाक आणि वरच्या ओठाच्या आसपास, ते जिवावर बेतू शकतं. पण पू धरलेलं गळू नुसत्या गोळ्यांवर ठेवणंही बरोबर नाही. पुवाच्या पोकळीत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे औषध आत नीट पोचत नाही. चीर देऊन पू काढला की ठणका त्याच रात्री उतरतो. "गोळ्यांनी जिरेल" म्हणत आठवडा घालवलेली माणसं दुसऱ्या दिवशी हेच सांगतात, की हे आधीच करायला हवं होतं.

सूज आपोआप उतरते का? सूज उतरवायची गोळी घेतली तर जखम लवकर भरेल का?

सूज दमून उतरत नाही, शरीर तिला उतरवतं. न्यूट्रोफिलचं काम झालं की त्या बहुतांश अपोप्टोसिसने मरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आलेले मॅक्रोफेज त्यांना गिळतात. सुरुवातीला जंतूंशी भांडणारा मॅक्रोफेज या मेलेल्या न्यूट्रोफिल खाल्ल्यावर आपली भूमिका बदलतो: टीजीएफ-बीटा, आयएल-10, रक्तवाहिन्या वाढवणारा व्हीईजीएफ असे संदेश तो सोडू लागतो. त्यावर फायब्रोब्लास्ट या दुरुस्तीच्या पेशी येतात, कोलॅजेन हे धाग्यासारखं प्रथिन विणतात, नव्या केशवाहिन्या फुटतात. चार-पाच दिवसांनी पट्टी काढल्यावर तळाशी जे लालभडक, दाणेदार मांस दिसतं ते यांनी उभं केलेलं असतं. जखमेच्या साऱ्या प्रवासात हाच टप्पा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मेलेल्या पेशी खाण्यातून दुरुस्तीचा हुकूम निघतो. खाणारे कमी पडले तर न्यूट्रोफिल पडून राहतात, नंतर त्याही फुटतात आणि सूज पुन्हा नव्याने पेटते.

दुखतं म्हणून डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी दोन-चार दिवस घ्यायला हरकत नाही. किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर आधी सांगा. माझी खरी तक्रार आहे ती कागदाच्या पुडीत सुट्या मिळणाऱ्या, नाव नसलेल्या गोळ्यांबद्दल. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. सूज आणि दुखणं जादूसारखं उतरतं, पण त्याच वेळी मॅक्रोफेज आणि फायब्रोब्लास्ट दोघांचाही हात थांबतो, शुगर वाढते, आणि जखम महिनोन्महिने तशीच राहते. संधिवातासाठी किंवा दम्यासाठी डॉक्टरांनी स्टेरॉइड चालू केलं असेल तर ते मात्र मनाने बंद करू नका, तेही धोक्याचं आहे.

शुगर असलेल्या माणसाची जखम एवढी का चिघळते?

आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार भारतात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. आमच्याकडे येणारे बहुतेक शेतकरी आणि शेतमजूर आहेत. वावरात अनवाणी किंवा झिजलेल्या चपलेत चालणं, खाली सोयाबीनचं धसकट, तुरीची खुंटं, बाभळीचे काटे.

एक पाय डोळ्यांसमोर आणा, असे पाय मी रोज पाहते. अंगठ्याच्या मुळाशी तळव्याला घट्टा आहे, पिवळट आणि कडक. त्याच्या मधोमध तिळाएवढं काळं टोक. माणूस म्हणतो, "काही दुखत नाही बाई, सुनेनं आणलं म्हणून आलो." घट्टा ब्लेडने पातळ केला की खालून दुर्गंधी पाणी येतं, आणि सळई हाडापर्यंत जाते. काटा कधी मोडला त्यांना माहीत नाही, कारण पायाच्या नसा बधिर झालेल्या आहेत.

बधिरपणा ही झाली पहिली गोष्ट. दुसरी, रक्तपुरवठा: वाहिन्या अरुंद, त्यामुळे ऑक्सिजन कमी आणि थोड्याशा दाबानेही पेशी मरतात. तिसरी गोष्ट लोकांना माहीत नसते आणि ती याच पानाच्या विषयाची आहे. रक्तातली साखर सतत वाढलेली असली की न्यूट्रोफिल ती डीएनएची जाळी फार सहज फेकतात; 2015 मध्ये उंदरांवर आणि मधुमेही माणसांच्या पेशींवर हे दिसलं, आणि उंदरांमध्ये ती जाळी बनवणारी एन्झाइम काढून टाकल्यावर जखमा लवकर भरल्या. शिवाय मधुमेहात मॅक्रोफेज मेलेल्या पेशी नीट उचलत नाहीत. म्हणजे मरणारे जास्त आणि उचलणारे सुस्त. मॅक्रोफेजची भूमिका बदलण्याचा जो टप्पा वर सांगितला, तो येतच नाही. जखम महिना-दोन महिने पहिल्या आठवड्यातच अडकून पडते.

म्हणून मधुमेही माणसाच्या जखमेत मलम सगळ्यात शेवटी येतं. आधी मेलेलं मांस काढायचं, पायावरचा भार हटवायचा, रक्तपुरवठा तपासायचा, शुगर आटोक्यात आणायची. यातलं एकही सुटलं तर महागडं मलमही वाया जातं. आणि घरी एवढं करा: रोज रात्री पाय धुऊन कोरडे करा, तळवा आरशात पाहा किंवा नातवंडाला पाहायला सांगा, चप्पल घालण्याआधी आतून हात फिरवा. पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी नको. बधिर पाय भाजलेला कळत नाही. आणि पायातलं कुरूप स्वतः ब्लेडने कापू नका.

काट्याचं टोक आत राहिलं तर शरीर ते बाहेर काढतं ना?

प्रयत्न करतं. 1882 मध्ये इटलीतल्या मेसिना इथे मेचनिकॉफ या शास्त्रज्ञांनी ताऱ्या माशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्यांना दिसला. भक्षक पेशींचा सगळा अभ्यास तिथून सुरू झाला. 1908 चं नोबेल त्यांना एर्लिक यांच्यासोबत मिळालं. बाभळीच्या काट्याभोवतीही असाच गराडा पडतो, पण काटा गिळता येत नाही. गिळायला आलेल्या पेशी मरत राहतात, पू धरतो, किंवा भोवती गाठ होते. काटा काढावाच लागतो.

काळं पडलेलं कापायलाच पाहिजे का? "कापलं की वाढतं" असं म्हणतात.

कापल्यामुळे वाढत नाही. वाढत चाललेलंच कापावं लागतं, म्हणून तसं वाटतं. मेलेल्या मांसात रक्त पोचत नाही. म्हणजे पांढऱ्या पेशी पोचत नाहीत आणि सलाईनमधून दिलेलं अँटिबायोटिकही पोचत नाही. जिवाणूंना मात्र उबदार, ओलसर आणि कोणी न हटकणारी जागा मिळते. पिवळट बुरशीसारखा थर किंवा काळा चामड्यासारखा पापुद्रा काढला, की खालच्या जिवंत पेशींना काम करता येतं. ब्लेड, जेल, कोलॅजेन विरघळवणारं मलम असे त्याचे वेगवेगळे मार्ग आहेत.

अपवादही आहे. रक्तवाहिनी बंद होऊन बोट सुकलेलं, काळं, कोरडं असेल, पू नसेल आणि जिवंत भागापाशी स्पष्ट रेघ दिसत असेल, तर घाई नसते. आधी रक्तपुरवठा सुधारता येतो का ते पाहतात. ओलं, फुगलेलं, वास मारणारं, लाली वर सरकत चाललेलं गँगरीन असेल तर मात्र त्याच दिवशी हालचाल करावी लागते. दाबल्यावर कातडीखाली करकर आवाज आला आणि ताप असेल तर तासांचा हिशेब असतो.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, मग जखम धुवायची काय गरज?

धनुर्वाताचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात आणि ऑक्सिजन नसेल तिथेच ते उगवतात. खोल काटा, गंजलेला खिळा, चिरडलेलं मांस, आत अडकलेली माती: मेलेल्या पेशींच्या अशा कोपऱ्यात त्यांना हवी ती जागा मिळते. लस विषाविरुद्ध काम करते, मेलेलं मांस आणि माती ती काढत नाही. दोन्ही करा. स्वच्छ वाहत्या पाण्याने आणि साध्या साबणाने पाच-दहा मिनिटं धुणं, हे मी पाहिलेलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टाळलं जाणारं औषध आहे.

हळद, चुना, तंबाखू, राख, शेण, दगडी पाला, डिझेल. यातलं काय चालतं?

उघड्या जखमेवर यातलं काहीच नको. का ते एकेक करून सांगते, कारण नुसतं "नको" म्हटलेलं कोणी ऐकत नाही.

हळदीतल्या कर्क्युमिनवर सूज कमी करण्याच्या दृष्टीने प्रयोगशाळेत बरंच काम झालं आहे. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिचे कण जखमेत रुतून बसतात. शिवाय तिच्या पिवळ्या थराखाली मला जखमेचा खरा रंग दिसत नाही. दगडी पाल्याचा रस रक्त थांबवतो असं म्हणतात. पण बांधावरचा पाला चुरगळून लावला की त्याच्यासोबत बांधावरची मातीही लागते. शेण आणि राख लावणं म्हणजे धनुर्वाताला बोलावणं. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे कडेच्या अर्धमेल्या पेशीही मरतात. डिझेल पेशींचा पडदाच विरघळवतं.

चुन्याबद्दल जास्त बोलायला हवं. चुना अल्कली आहे. ॲसिडने भाजलं तर वरची प्रथिनं गोठून थर धरतो आणि तो ॲसिडला काहीसा अडवतो. अल्कली चरबीचा साबण करतं, प्रथिनं वितळवतं आणि आत आत जात राहतं. सगळ्यात वाईट प्रकार लहान मुलांचा: चुन्याची पुडी किंवा ट्यूब हातात येते, दाबली की फुटते आणि चुना डोळ्यात जातो. बुबुळाच्या कडेला पारदर्शक पडदा नव्याने भरणाऱ्या मूळ पेशी असतात. त्या मेल्या तर दृष्टी कायमची जाऊ शकते. चुना डोळ्यात गेला तर तिथल्या तिथे, पापण्या उघड्या धरून, अर्धा तास पाण्याने धुवा, चुन्याचे खडे निघून जाऊ द्या, आणि धुतल्यावरच दवाखान्याकडे निघा. हंड्यातलं पाणी असेल तर तेही चालेल. तंबाखू खाणाऱ्या घरात चुना मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मेडिकलमधल्या बाटल्यांबद्दलही तेवढंच. हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेवर फसफसतं आणि लोकांना वाटतं घाण निघतेय. ते फसफसणं आपल्याच रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटलेज एन्झाइममुळे होतं, आणि त्यात नव्याने आलेले फायब्रोब्लास्टही मरतात. स्पिरिट रोज ओतण्याचंही तेच. भरत आलेल्या जखमेला पाणी किंवा सलाईन पुरे.

जखम उघडी ठेवून वारा लागू द्यावा की झाकावी?

झाकावी. 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या वरवरच्या जखमांवर दाखवलं, की ओलसर झाकलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने येते. उघडी जखम सुकते तेव्हा वरच्या जिवंत पेशीही सुकून मरतात आणि नव्या पेशींना त्या कडक खपलीच्या खालून वाट काढावी लागते. ओलसर म्हणजे चिंब नव्हे. पट्टी भिजली की बदला.

भाजल्यावर पाणी ओतल्याने फोड येतात का?

फोड भाजल्यामुळे येतात, पाण्यामुळे नाही. जॅक्सन या ब्रिटिश सर्जनने 1953 मध्ये भाजलेल्या जागेचे तीन पट्टे सांगितले. अगदी केंद्रातल्या पेशी मेलेल्याच असतात. बाहेरचा पट्टा नुसता लाल होतो आणि बरा होतो. दोन्हींच्या मधला पट्टा अधांतरी असतो: रक्तप्रवाह मंदावलेला, पेशी जिवंत पण एक-दोन दिवसांत मरू शकतील अशा. आपलं सगळं काम त्या मधल्या पट्ट्यासाठी आहे. साधं पाणी 20 मिनिटं ओतलं तर तो वाचू शकतो. भाजल्यानंतर तीन तासांपर्यंतही याचा उपयोग होतो.

उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावात हे सांगताना माझा जीव अडखळतो. तरी सांगते: खाली स्वच्छ घमेलं ठेवा आणि तेच पाणी तांब्याने पुन्हा पुन्हा ओता, तेवढंही नसेल तर स्वच्छ ओलं फडकं ठेवून ते सारखं बदला. बर्फ नको, त्याने वाहिन्या आकसून तो मधला पट्टाच मरतो. टूथपेस्ट, शाई, अंड्याचा बलक यांतलं काही नको. मूल लहान असेल किंवा बरंच अंग भाजलं असेल तर बाकीचं अंग पांघरुणात उबदार ठेवा.

साप चावल्यावर औषध मिळालं, तरी मांस का सडलं?

नागाच्या विषात पेशींच्या पडद्याला भोकं पाडणारे घटक असतात, घोणस आणि फुरशाच्या विषात वाहिन्यांच्या भिंती आणि मांस पचवणारी एन्झाइम. प्रतिविष रक्तातलं विष बांधतं आणि जीव वाचवतं. मेलेल्या पेशी परत आणत नाही. जितक्या उशिरा पोचाल तितकं मांस जास्त जाईल. वरून करकचून दोरी बांधली तर विष तिथेच कोंडतं, रक्तही थांबतं, आणि पायच जायची वेळ येते. चिरू नका, चोखू नका. हात किंवा पाय हलू न देता थेट प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठा.

ढिगाऱ्याखालून काढलेला, बोलत असलेला माणूस काही तासांनी कसा जातो?

हा प्रश्न आजही प्रामुख्याने लातूर-धाराशिवकडची वयस्कर माणसं विचारतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात दगडमातीची जाड भिंताडं झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारोंचा जीव गेला. अशा ढिगाऱ्याखाली मांडीचे मोठे स्नायू तासन्तास चेपून राहिले तर त्यांच्या पेशी मरतात, पण रक्त अडलेलं असल्यामुळे सांडलेला माल तिथेच कोंडतो. भार उचलला की पोटॅशियम आणि मायोग्लोबिन एकदम रक्तात येतं. पोटॅशियमने हृदय थांबू शकतं, मायोग्लोबिनने किडनी बंद पडते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांनंतर, 1941 मध्ये, बायवॉटर्स या डॉक्टरांनी याचं नीट वर्णन केलं. म्हणून दबलेल्या माणसाला शक्य असेल तर भार उचलण्याआधीच सलाईन सुरू करतात. विहिरीचं काम, ट्रॅक्टर पलटी, भिंत पडणं, या सगळ्यांत हे लागू आहे: माणूस बोलतोय म्हणून घरी नेऊ नका, आणि लघवी चहासारखी गडद झाली तर ते तातडीने डॉक्टरांना सांगा.

जखमेत किडे पडले. परदेशात अळ्यांनी उपचार करतात म्हणे?

करतात. अमेरिकेत 2004 मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण त्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या, निर्जंतुक, ठरावीक जातीच्या अळ्या असतात आणि त्या मेलेलंच मांस खातात. गोठ्यातल्या माशीच्या अळ्या जिवंत मांसही कोरतात. बैलाच्या किंवा माणसाच्या जखमेत त्या दिसल्या तर वाट न पाहता काढून घ्या.

जखम भरली, पण व्रण जाड होऊन वर आला. का?

जखम आवळून लहान करणाऱ्या मायोफायब्रोब्लास्ट पेशींनी काम संपल्यावर अपोप्टोसिसने मरायचं असतं. त्या गेल्या की लाल, भरगच्च व्रण हळूहळू पांढरट आणि मऊ होतो. त्या मेल्या नाहीत तर कोलॅजेन विणत राहतात. व्रण जखमेच्या हद्दीत राहिला तर तो पुढे बसण्याची आशा असते. हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरला तर तो केलॉइड. छाती, खांदा आणि कान टोचल्यावर कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा. नुसता कापून काढला तर बहुधा पुन्हा, कधी आधीपेक्षा मोठा येतो. घरात कोणाला केलॉइड असेल तर टोचून घेण्याआधी दहादा विचार करा.

टाके निघाले. कोयता कधी धरू?

मुकादमाची उचल घेतलेला माणूस हा प्रश्न टाके निघतानाच विचारतो आणि त्याची घाई मला कळते. टाके निघतात त्या सुमारास जखमेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम 10 टक्के असते. तीन महिन्यांत ती 70 ते 80 टक्क्यांवर येते आणि त्यापुढे फारशी जात नाही. हात-पायाची वरवरची जखम असेल तर टाके निघाल्यावर हलकं काम सुरू करता येतं, पण मोळी उचलणं आणि जखमेवर ताण येईल असं काम पहिले चार-सहा आठवडे नको. जखम सांध्यावर असेल किंवा आतला स्नायूबंध शिवलेला असेल तर याहून जास्त थांबावं लागेल. ते ज्यांनी शिवलं त्यांनाच विचारा, आणि काम बंद ठेवायला सांगणारी चिठ्ठी मुकादमासाठी त्यांच्याकडून लिहून घ्या.